दार किती रुंद ठेवायचं?

प्रश्न : आमचं नवी पेठेत कपड्यांचं दुकान आहे. रात्री दुकान वाढवायच्या सुमारास शेजारपाजारचे चार-पाच जण पायरीवर टेकतात आणि गप्पा हमखास क्रिकेटवर येतात. माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात शिकायला आहे. तो सांगतो, तिथं कॉलेजांच्या फुटबॉलचं वेड आपल्या आयपीएलच्या वरताण आहे. पण कित्येक वर्षं देशाचा विजेता मैदानावर नव्हे, तर पत्रकारांच्या मतांवर ठरायचा. आता बारा संघांची बाद फेरी आली, तरी भांडणं थांबलेली नाहीत. हे ऐकून आमच्या पायरीवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, वर्षभर जो जास्त जिंकला तोच खरा; शेवटी एका दिवशी ज्याचं नशीब उघडलं त्याला चषक कशाला? दुसरा म्हणतो, समोरासमोर पाडल्याशिवाय कसला विजेता? तर (१) बरोबर कोणाचं? (२) आपल्याकडे असा वाद कधी झाला आहे का? (३) क्रिकेटचा सामना अनिर्णित राहू शकतो, मग बाद फेरीत करतात काय? (४) आमच्या पार्कवर रणजीचा बाद फेरीचा सामना बघायला मिळेल का?
— एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटातच आहे. पण त्याआधी अमेरिकेतलं प्रकरण थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पायरीवरच्या मंडळींना वाटायचं, ते लोक मुळातच विक्षिप्त.

तिथला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात धरून पळायचा खेळ, रग्बीच्या भावकीतला. वरच्या श्रेणीत विद्यापीठांचे संघ एकशेतीसच्या वर. अंगमोड खेळ असल्यामुळे आठवड्याला एकच सामना, म्हणजे मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण बारा. बारा सामन्यांत एकशेतीस संघांची आपसांत गाठ पडणार कशी? म्हणून १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावू लागली. नववर्षाच्या सुमारास ‘बोल’ नावाचे जत्रेसारखे मोठे सामने व्हायचे (रोझ बोल सर्वांत जुना, १९०२ चा), पण त्यांचा हेतू करमणूक आणि गल्ला हा होता, विजेता ठरवणं हा नव्हता. कधी दोन क्रमवाऱ्यांत दोन वेगवेगळे संघ पहिले यायचे. १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का दोघांनीही स्वतःला विजेता म्हणवून घेतलं आणि दोघांचंही कोणाला खोडता आलं नाही.

१९९८ मध्ये मतं आणि संगणक यांची सांगड घालून दोन संघ निवडायचे आणि त्यांना भिडवायचं, असं ठरलं. २००४ मध्ये बलाढ्य गटांतले तीन संघ अपराजित राहिले. त्यातल्या ऑबर्नला अंतिम सामन्याचं बोलावणंच आलं नाही. २०१४ पासून समितीने निवडलेले चार संघ. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले आणि तरी समितीने त्यांना बाहेर ठेवलं. मुख्य खेळाडू जायबंदी होता, शिवाय त्यांचा गट कच्चा मानला जात होता. २०२४ पासून बारा संघ. आणि पहिल्याच वर्षी काय व्हावं? तुमच्या भाच्याच्या राज्यातल्या ओहायो स्टेटने दोन सामने गमावले होते, त्यातला एक तर हाडवैरी मिशिगनशी, तोही घरच्या मैदानावर. मिशिगन बाद फेरीच्या जवळपासही नव्हतं. ओहायो स्टेट आठव्या मानांकनाने आत शिरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये विजेतं ठरलं. तुमच्या पायरीवरच्या दोन्ही तटांना त्या दिवशी आपलंच खरं झालं असं वाटलं असणार.

आता आपल्याकडे. मतदानाने विजेता ठरवायचा प्रकार आपण केला नाही, पण बाद फेरीचं दार किती उघडायचं यावर रणजी करंडकाने नव्वद वर्षं प्रयोग केलेत. आणि त्या प्रयोगांत सर्वांत जास्त कोण भरडलं गेलं असेल, तर ते तुमचा सोलापूर जिल्हा ज्या संघात मोडतो तो महाराष्ट्र.

१९३४ मध्ये स्पर्धा सुरू झाली ती निव्वळ बाद पद्धतीची होती. हरलात की मोसम संपला. एखाद्या खेळाडूने वर्षभर सराव करायचा आणि एका वाईट सकाळीनंतर पुढच्या वर्षापर्यंत घरी बसायचं. या पद्धतीचा महाराष्ट्राला फायदाही झाला, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक आले. तेवढेच. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

निव्वळ बाद पद्धतीत एक खोट असते, ती डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात उघडी पडली. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीला आले आणि खेळतच राहिले. ४ बाद ८२६ झाल्या, त्यात निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२ चा. हव्या होत्या अवघ्या दहा धावा, म्हणजे दोन-तीन षटकांचं काम. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब म्हणाले, आता डाव सोडा, नाहीतर आम्ही निघतो. आपल्या संघाचं नाव नको त्या विक्रमाला चिकटेल, ही त्यांची धास्ती. त्यांनी सामनाच सोडून दिला आणि संघ स्टेशनकडे निघाला. ठाकूरसाहेबांना दूषणं खूप दिली गेली, पण जरा हिशेब बघा. महाराष्ट्र पुढच्या फेरीत जाणार हे पहिल्या डावातल्या आघाडीने केव्हाच ठरलं होतं. बाद पद्धतीत त्यापुढच्या प्रत्येक चेंडूची किंमत शून्य. साखळीत गुण असते, पुढचे सामने असते, तर असं उठून जाणं त्यांना परवडलं नसतं. निंबाळकरांना कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही, ही आणखी वेगळी हळहळ.

त्याच मोसमात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांची उपांत्य लढत झाली. निकाल लागेपर्यंत खेळायचं होतं. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा, नऊ शतकं, माधव मंत्रींचं द्विशतक. ६०४ धावा चौथ्या डावात काढूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला! एका सामन्यातल्या धावांचा हा प्रथम श्रेणीचा जागतिक उच्चांक आहे. गोलंदाजांनी त्या खेळपट्टीला काय शिव्या घातल्या असतील त्या छापण्याजोग्या नसणार.

१९५७-५८ पासून विभागवार साखळी आली. पाच विभाग, पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. विभागात पहिला येणारा एकटाच बाद फेरीत जाणार. कागदावर हे अगदी न्याय्य दिसतं: वर्षभर खेळा, पहिले या, पुढे चला. तुमच्या पहिल्या मित्राला हा नियम पसंत पडला असता. पहिल्या वर्षी बडोदा पुढे गेला आणि करंडकही घेऊन आला. आणि मग १९५८-५९ पासून मुंबईने लागोपाठ पंधरा वर्षं करंडक जिंकला.

याचा महाराष्ट्राच्या बाजूने अर्थ लावा. १९५८-५९ ते १९६९-७० या बारा मोसमांत पश्चिम विभागाचं एकुलतं एक तिकीट दरवर्षी मुंबईच्या खिशात. महाराष्ट्राने बाद फेरीचं तोंड पाहिलं नाही, एकदाही नाही. बारा वर्षं म्हणजे एखाद्या खेळाडूची अख्खी कारकीर्द. चंदू बोर्डे याच काळात भारताकडून ५५ कसोटी खेळले, पण बडोद्याहून महाराष्ट्राच्या संघात आल्यावर या दाराशी त्यांचंही काही चाललं नाही. दुसऱ्या टोकाला, मुंबईपुढे टिकाव लागला नसता असे इतर विभागांतले संघ आपापल्या गटात पहिले येऊन दिमाखात पुढे जात होते. त्यांचा दोष नव्हता. त्यांचे शेजारी वेगळे होते, एवढंच. (जाता जाता : त्या मुंबईच्या बांधणीत एक मोठा वाटा सोलापूरच्या पोराचा होता. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, तुमच्या सोलापुरातला. त्यांनी मुंबईचं नेतृत्वही केलं. म्हणजे महाराष्ट्राची वाट अडवणाऱ्यांत आपलंच माणूस होतं.)

१९७०-७१ मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातून पहिले दोन, म्हणजे एकूण दहा संघ बाद फेरीत. आणि त्याच मोसमात अंतिम सामना कोणाचा झाला? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. एकाच विभागातले दोन संघ अंतिम सामन्यात, ही गोष्ट आदल्या वर्षीच्या नियमाने शक्यच नव्हती. देशातले सर्वोत्तम दोन संघ जर एकाच विभागात असतील, तर जुनी पद्धत त्यातल्या एकाला दरवर्षी दाराबाहेर बसवत होती, याला यापेक्षा चोख पुरावा कोणता हवा? मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेले. उरलेल्या पोरांना घेऊन सुधीर नाईक मैदानात उतरले आणि मुंबई ४८ धावांनी जिंकली. महाराष्ट्राला यापेक्षा सोपी संधी मिळणार नव्हती. हातातोंडाशी आलेला घास तो.

पण याच निकालाचा दुसरा अर्थही आहे आणि तो तुमच्या पहिल्या मित्राला दाखवा. दार उघडलं की ऐरागैरा जिंकेल, बलाढ्य संघावर अन्याय होईल, ही भीती दरवेळी घातली जाते. दार उघडल्यानंतरही १९७०-७१, ७१-७२, ७२-७३ असे तीन करंडक मुंबईनेच जिंकले. १९७३-७४ मध्ये कर्नाटकाने उपांत्य फेरीत मुंबईला बंगळुरात पाडलं, ते प्रसन्ना-चंद्रशेखर यांच्या जोरावर, नशिबाच्या नव्हे.

पुढचं भराभर सांगतो. १९९२-९३ मध्ये प्रत्येक विभागातून तीन, म्हणजे पंधरा संघ आत येऊ लागले. योगायोग बघा, त्याच मोसमात महाराष्ट्र पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि लुधियान्यात पंजाबकडून हरला. मधली काही वर्षं त्या पंधरांची पुन्हा साखळी, मग सहांची बाद फेरी, असा गुंतवळाही करून झाला. २००२-०३ मध्ये विभागच मोडीत काढले आणि एलिट व प्लेट असे कुवतीप्रमाणे गट पाडले. खालच्या गटातल्यांना करंडकाची आशा नाही, हे काही वर्षं चाललं. मग २००८-०९ पासून प्लेटमधून वर आलेल्यांनाही बाद फेरीचं दार थोडं किलकिलं केलं. त्या फटीतून २०१०-११ मध्ये राजस्थान आत शिरला आणि थेट विजेता झाला. पुढच्या वर्षी पुन्हा. कर्णधार कोण, तर पुण्याचे हृषीकेश कानिटकर. त्यांचे वडील हेमंत कानिटकर महाराष्ट्राचे नावाजलेले फलंदाज. महाराष्ट्राला न मिळालेला करंडक महाराष्ट्राच्या मुलाने राजस्थानला दोनदा मिळवून दिला. यावर पुण्यात अजूनही कोणी धड बोलत नाही.

आणि मग २०१३-१४. महाराष्ट्र तिसऱ्या, म्हणजे क गटात. या गटातून फक्त दोन संघ बाद फेरीत जायचे, अ आणि ब मधून तीन-तीन. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली मुंबईशी, वानखेडेवर. आदल्याच वर्षी मुंबईने चाळिसावा करंडक उचललेला. मुंबई ४०२, महाराष्ट्र २८०. झालं, म्हणजे नेहमीचंच. १२२ धावांची पिछाडी म्हणजे सामना अनिर्णित राहिला तरी घरी. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत कोसळली आणि २५२ चं लक्ष्य महाराष्ट्राने आठ गडी राखून गाठलं. केदार जाधव नाबाद १२०, जालन्याचा विजय झोल नाबाद ९१. १९५८ पासून साठलेली उधारी एका दुपारी वसूल झाली म्हणा ना. पुढे बंगालला हरवलं आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने सात गडी राखून हरवलं. तिसऱ्या गटातल्या संघाला बाद फेरीत जागा कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. वानखेडेवर काय झालं ते त्यांनी पाहिलं असेल अशी आशा आहे.

विदर्भाचंही हेच. तो मध्य विभागातला, वर्षानुवर्षं कोणी खिजगणतीत न धरलेला संघ. विभाग मोडल्यानंतरच्या पद्धतीत तो वर आला आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असे तीन करंडक नागपूरला नेले. २०२३-२४ चा अंतिम सामना तर मुंबई विरुद्ध विदर्भ असा घरचाच झाला. मुंबईने बेचाळिसावा करंडक घेतला.

आता पहिला प्रश्न. बरोबर कोणाचं?

माझं मत असं, की साखळी की बाद फेरी हा वाद अर्धवट आहे. खरा प्रश्न त्याच्या एक पायरी आधी असतो : गट कसे पाडले? सगळे सगळ्यांशी खेळत असतील, तर तुमच्या पहिल्या मित्राचं सोळा आणे खरं. युरोपातल्या बहुतेक मोठ्या फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो. तिथं बाद फेरी लागतच नाही आणि कोणी मागतही नाही. पण रणजीत अडतीस संघ आहेत, अमेरिकेत एकशेतीस. तिथं गट पाडावेच लागतात आणि गट पाडले की कोणाचे शेजारी सोपे, कोणाचे कठीण हे आलंच. पश्चिम विभागातला दुसरा आणि दुसऱ्या विभागातला पहिला यांत सरस कोण, हे गुणतक्ता सांगू शकत नाही. ते खेळूनच कळतं. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटला ‘तुमचा गट कच्चा’ म्हणून बाहेर ठेवणारी समिती आणि ‘तुमच्या गटात मुंबई आहे’ म्हणून बारा वर्षं महाराष्ट्राला बाहेर ठेवणारा नियम, दोघांनी एकच चूक दोन बाजूंनी केली. म्हणून बाद फेरी हवी, आणि तिचं दार इतकं तरी रुंद हवं की तगड्या गटातला दुसरा संघ अडकू नये.

इतकं म्हणून दुसऱ्या मित्राच्याही बाजूने मी पूर्ण जाणार नाही. दार सताड उघडं टाकलं तर साखळीतल्या हरण्याला काही अर्थ राहत नाही. विभागातून पाचांतले तीन पुढे जाणार असतील, तर वर्षभर घाम कशाला गाळायचा? १९९२ नंतरच्या दशकात रणजीच्या साखळी सामन्यांची धार गेली ती यामुळेच, असं मला वाटतं. यावर बरा तोडगा आयपीएलने २०११ पासून घेतला आहे, मूळ ऑस्ट्रेलियातला : चार संघ आत, पण पहिल्या दोघांना एक हार माफ. तिसऱ्या-चौथ्याला हरलं की चालते व्हा. म्हणजे वर्षभराच्या कमाईला मोल राहतं आणि खालून येणाऱ्यालाही संधी उरते. २०१६ मध्ये सनरायझर्स हैदराबाद तिसऱ्या क्रमांकावरून असं आलं आणि जिंकलं. असं क्वचित होतं, आणि क्वचितच व्हावं.

विजेता मैदानावर न ठरता मांडवाबाहेर ठरला की काय होतं, हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही; सोलापूर जिल्ह्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार? महाराष्ट्र केसरीची रचना मुळात फार सुरेख. माती विभागाचा विजेता, गादी विभागाचा विजेता आणि शेवटी दोघांची गदेसाठी एक कुस्ती. पण संघटनाच दोन झाल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले : फुलगावला तुमच्या मोहोळचा सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदरने शिवराजलाच हरवलं होतं. २०२५ मध्ये पुन्हा दोन : अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला सोलापूर जिल्ह्याचा वेताळ शेळके. पैलवानांनी घाम गाळला, त्यात काही खोट नाही. पण गदा दोन, मानकरी दोन, आणि गावच्या पारावर कोण मोठा यावर वाद कायमचा. मिशिगन-नेब्रास्काचाच प्रकार, फक्त लाल मातीत.

तिसरा प्रश्न सोपा, उत्तर मात्र चरफडायला लावणारं. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी ज्याची तो पुढे. त्यामुळे दोन दिवस रटाळ वाटणारा खेळ अचानक एका धावेवर येऊन ठेपतो. २०२४-२५ चा केरळ घ्या. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरच्या २८०, केरळच्या २८१. एका धावेने पुढे. उपांत्य फेरीत अहमदाबादला केरळच्या ४५७; गुजरातचा शेवटचा गडी खेळतोय आणि धावा ४५५. आणखी तीन मिळाल्या की गुजरात अंतिम फेरीत. गोलंदाज आदित्य सरवटे, मूळचा नागपूरचा डावखुरा फिरकीपटू, त्या वर्षी केरळकडून खेळणारा. गुजरातच्या नगवासवालाने जोरात बॅट फिरवली, चेंडू अगदी जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून वर उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात अलगद पडला. पाच दिवसांच्या लढतीचा फैसला हेल्मेटने केला! केरळ प्रथमच अंतिम सामन्यात गेला. तिथं नागपुरात विदर्भाने ३७९ केल्या, केरळने ३४२. सामना अनिर्णित, करंडक विदर्भाला. तुमचा पहिला मित्र म्हणेल, बघा, हेच ते नशीब. त्याला सांगा, हेल्मेट आडवं आलं हे खरं, पण ४५७ धावाही कोणीतरी काढल्या होत्या.

शेवटचा प्रश्न पार्कचा. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र-मणिपूर हा रणजीचा साखळी सामना इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे तुमच्या पार्कवरच झाला, तो तुम्ही पाहिलाच असेल. नवी पेठेतून पायी जाण्याचं अंतर. तो सामनाही दार उघडण्याचाच परिणाम होता. मणिपूर आदल्या वर्षी प्लेट गटात खेळला, तिथून बढती मिळून एलिटमध्ये आला म्हणून सोलापुरात उतरला. त्याच मोसमाअखेर पुन्हा खाली गेला. बाद फेरीचे सामने अलीकडे बहुधा गटात वरच्या क्रमांकावर राहिलेल्या संघाच्या घरी ठेवतात. म्हणजे महाराष्ट्राला आधी गटात पहिल्या-दुसऱ्या जागी राहावं लागेल, आणि मग राज्य संघटनेने पुण्याजवळचं गहुंजे मैदान सोडून पार्क निवडायला हवं. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अवघड दिसते. बाद फेरीचा सामना म्हणजे प्रक्षेपण, पंच पुनरावलोकनाची यंत्रणा, दोन्ही संघांची पाच-सहा दिवस राहण्याची सोय. हे सगळं पुण्यात तयार आहे.

कॉलेजच्या खेळांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण भाच्यामुळे विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २००४ पर्यंत सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायचं तर सोलापूरच्या मुलाला आधी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलांतून निवडून यावं लागे. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धेत सोलापूरचा स्वतःचा संघ थेट उतरू लागला. विभागात वरचे क्रमांक मिळवणारे पुढे अखिल भारतीय स्पर्धेला जातात. तुमच्या दुकानात कामाला असलेला एखादा पोरगा कॉलेजात खो-खो किंवा कबड्डी खेळत असेल, तर निवड चाचणीच्या तारखा विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून मागवून घ्या. आणि त्या दिवशी त्याला सुट्टी द्या.